लुगाईद राजाचा अर्धा न्याय

गढीवरून,
योहानाच्या सणानंतरचा बारावा दिवस

लासारताई,

कोल्गू मीठ घेऊन तुमच्या मठाकडे निघालाय. त्याला ताकाचा गडू देऊन अंगणात बसवलंय आणि घाईघाईने हे लिहितेय. कातडं जुनं आहे, आधीचं खरडून काढलंय. अक्षरांखाली अक्षरं दिसली तर वाचू नकोस, गाईंची नावं आहेत. तीन वर्षांनी लिहितेय आणि तेही काम पडलं म्हणून. हे तू म्हणणारच, म्हणून मीच आधी म्हणून टाकते.

एतनच्या मेंढ्यांनी माझी नीळ खाल्ली. सगळी. गढीमागचा अख्खा वाफा, पहिल्या तोडणीला आलेला. एकोणीस मेंढ्या सकाळी आत उभ्या होत्या, आणि बुडख्यांशिवाय काही शिल्लक नव्हतं.

एतन कोण ते कोल्गूने सांगितलंच असेल. हा माणूस मिठापेक्षा बातम्या जास्त वाहतो. मोठ्या उपासाच्या आधी फाखत्नाने तिला घरात आणलं. माझी सवत. वय एकोणीस. उत्तरेकडची आहे, 'ळ' म्हणताना जीभ अडखळते तिची, आणि आमचे धनी त्यावर हसतात. सवत घरात आली की पहिलीला तीन दिवसांची मुभा असते, मारलं, रक्त काढलं तरी दंड नाही, हे तुला ठाऊक आहे. दुसरीने फक्त नखं मारायची, केस ओढायचे. मी ते तीन दिवस माझ्या मागासमोर बसून काढले. कोणी म्हटलं, "मुइरेनसारखी बाई होणे नाही." वेडी होते मी. ते तीन दिवस आता परत कुठून आणू?

गेल्या महिन्यात फाखत्ना माझ्याकडे आला. म्हणाला, "अगं, एतनला दिवस गेलेत. पोराला गुंडाळायला तुझ्या हातची निळी शाल हवी. तुझ्यासारखा रंग कोणाला जमतो?" हे त्याने गोड बोलून सांगितलं, ताई. अंगावर माझाच निळा अंगरखा होता त्याच्या.

तर काम असं. लुनासाच्या सुगीच्या जत्रेत न्यायशास्त्री दूनखाद आमच्या तंट्याचा निवाडा करणार आहेत. बाबा सांगायचे ती लुगाईद राजाची गोष्ट आठवते? तो उत्तरेत तारा नावाच्या टेकडीवर राज्य करत असताना राणीची नीळ मेंढ्यांनी खाल्ली आणि तो म्हणाला, "नीळ गेली, मेंढ्या राणीच्या." आपण सगळे त्याच्याच रक्ताचे. या भागात लुगाईदचा शब्द कोण मोडेल? मला नेमके शब्द हवेत, तुमच्या मठातल्या पुस्तकातले. लिहून पाठव.

मुलं दोघंही, रीतीप्रमाणे वाढायला दिलेल्या पाळक घरी, ठीक आहेत. धाकटा आता त्या आईलाच आई म्हणतो.

मुइरेन

—

मठातून,
त्याच महिन्याचा एकविसावा दिवस

मुइरेन,

कोल्गूने पत्र दिलं आणि तू लिहिलेलं सगळं, तू न लिहिलेलंही बरंच, तोंडी सांगितलं.

शब्द पाठवते. पुस्तकात असं आहे: "राणीच्या निळीचा वाफा मेंढ्यांनी चरला. गाऱ्हाणं लुगाईदपुढे आलं. लुगाईद म्हणाला, निळीच्या बदल्यात मेंढ्या जप्त." बाबा इथेच थांबायचे आणि छाती पुढे काढायचे. पण पान इथे संपत नाही.

पुढे असं आहे. तिथे पाहुणा म्हणून आलेला कोर्माक नावाचा कोवळा मुलगा उठला आणि म्हणाला, "नाही. कातरणीच्या बदल्यात कातरणी. नीळ पुन्हा उगवेल, लोकरही पुन्हा उगवेल. मेंढ्यांची यंदाची लोकर द्या, मेंढ्या नको." लोक म्हणाले, "हाच खरा न्याय." आणि ज्या बाजूला बसून लुगाईदने निवाडा दिला होता, घराची ती बाजू उतारावरून खाली घसरली. त्यानंतर वर्षभर तो गादीवर बसून होता. गवत उगवलं नाही, झाडाला पान आलं नाही, कणसात दाणा भरला नाही. उत्तरेचे म्हणतात, लोकांनी त्याला काढला. आपले म्हणतात, तो स्वतःहून उतरला आणि दक्षिणेला आला. आमच्या पुस्तकात पहिलं मधे लिहिलंय आणि दुसरं समासात, बारीक अक्षरात.

म्हणजे तू ज्या न्यायावर उभी राहू पाहतेस त्याच न्यायाने आपल्या पूर्वजाचं राज्य गेलं. दूनखाद म्हातारे आहेत, पण विसराळू नाहीत. लोकर माग, मिळेल.

एक विचारते. तुझ्या वाफ्याला काटेरी फांद्या विणून केलेलं कुंपण आहे, मी पाहिलंय, त्यातून मांजर जायचं नाही. एकोणीस मेंढ्या कशा गेल्या?

लासार

—

गढीवरून,
त्याच महिन्याचा सत्ताविसावा दिवस

ताई,

मी शब्द मागितले होते, प्रवचन नव्हतं मागितलं.

लोकर माग म्हणतेस. तिच्या मेंढ्यांची लोकर घेऊन मी काय करू? कातू आणि तिच्या पोरासाठी शाल विणू? मला मेंढ्या हव्यात. तिच्या बापाने दिलेलं तिचं स्वतःचं असं त्या मेंढ्यांपलीकडे काही नाही. त्या गेल्या की ती या घरात रिकाम्या हाताने बसेल, आणि रिकाम्या हाताच्या बाईला इथे कोण विचारतं ते बघेन मी.

परवा ती माझ्या दाराशी आली होती. पोट पुढे, काखेत कोकरू. म्हणाली, "थोरल्या बाई, मेंढ्या माझ्या, चूक माझी. हे ठेवून घ्या."

मी म्हटलं, "तुझ्या कोकराने माझी नीळ परत येणार आहे का?"

"येईल की. बुडख्याला फुटवे येतात. आमच्याकडे तर म्हणतात..." आणि थांबली. मग म्हणाली, "जाऊ दे. काही नाही."

मी दार लावून घेतलं. ते कोकरू बराच वेळ बाहेर ओरडत होतं. तीही तिथेच उभी असावी.

फाखत्नाला म्हटलं, यात तू काय बोलणार? तो भाकरीला लोणी लावत म्हणाला, "माझ्या घरात दोन चुली आहेत. मी दोन्हीकडे जेवतो. बायकांच्या भांडणात मी पडत नाही." त्या बाईसाठी मात्र सकाळी स्वतः ओढ्यावरून पाणी आणतो. माझ्यासाठी वीस वर्षांत एक घागर नाही.

आणि कुंपणाचं. कुंपणं मोडतात, ताई. वारा असतो, गुरं असतात. तू मठात बसून मोजणार माझ्या काट्या?

तुला काय कळायचं यातलं? कोणाशी वाटून घ्यावं लागेल असं तुझ्याकडे आहेच काय? खरं सांगू का, मला पत्र वाचतानाच वाटलं. फाखत्ना आधी तुलाच मागायला आला होता. ते अजून तुझ्या पोटात आहे. मी जिंकलेली तुला बघवत नाही.

इथे कोणाला त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग ठाऊक नाही. तो फक्त तुमच्या पुस्तकात आहे. तो तिथेच राहू दे. एवढंच कर, बहीण असशील तर.

मुइरेन

—

मठातून,
लुनासाचा आदला दिवस

मुइरेन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा सगळ्या बहिणी जेवायला गेल्यावर.

तू बरोबर ओळखलंस. त्या दिवशी फाखत्ना पावसातून आला होता. चुलीजवळ बसला होता, अंगरख्यातून वाफ निघत होती. मी शेजारच्या खोलीत कान लावून बसले होते. बाबा म्हणाले, "थोरलीला वाचता येतं, ती देवाला द्यायचं मी कबूल केलंय. धाकटी न्या." आणि तो म्हणाला, "बरं." एवढंच. क्षणभरही थांबला नाही. मला वाटलं होतं निदान थांबेल.

वीस वर्षं इथे जत्रेला, सणाला निळं लुगडं नेसून कोणी आलं की मी ओळखते, हा मुइरेनच्या हातचा रंग. आणि मान खाली घालते. तुला मुलं झाली तेव्हा मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आणि ती नीट केली नाही. हे मी इथे कबुलीतही सांगितलेलं नाही.

आता वाईट ते सांगते. तुझं पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ती पूर्ण गोष्ट नकलून दूनखादांकडे पाठवली. मठाच्या थोरल्या आईंना म्हटलं, अर्ध्या गोष्टीवर न्याय होऊ नये. त्या म्हणाल्या, "योग्य केलंस, बाई." पण मी ते न्यायासाठी केलं नाही. एकदा तरी तू हरावीस असं मला वाटलं.

माणूस पायी गेलाय. जत्रेआधी पोचेल की नाही, ठाऊक नाही. कालपासून पाऊस कोसळतोय आणि तो थांबू नये, माणूस अडकावा, म्हणून मी मागणं मागतेय.

लासार

—

गढीवरून,
लुनासानंतरचा पंधरावा दिवस

ताई,

तुझा माणूस पुरामुळे सहा दिवस नदीपलीकडे अडकला. न्याय आधी झाला.

झालं ते सांगते. टेकडीवर सगळी माणसं जमली होती. मी उभी राहिले आणि लुगाईदचे शब्द म्हटले, बाबांसारखेच, छाती पुढे काढून. "नीळ गेली, मेंढ्या राणीच्या." आपल्या लोकांनी एकच गलका केला. दूनखादांनी डोळे मिटले.  मग म्हणाले, "याच्या पुढे काही होतं असं मला पुसट आठवतं. माझे गुरू सांगायचे. इथे कोणाला येतं का?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यांनी एतनकडे पाहिलं. "तू उत्तरेची. तुझ्याकडे ही गोष्ट कशी सांगतात?"

वाटलं, ताई, आता ही बोलणार.

ती म्हणाली, "मला गोष्टी येत नाहीत, बाबा."

मेंढ्या मला मिळाल्या. मी त्या हाकत घरी आणल्या. घर घसरलं नाही. भिंतीतला एक दगडसुद्धा हलला नाही.

चार दिवस मी मेंढ्यांना बघायलाही गेले नाही. पाचव्या दिवशी ती ओढ्यावर भेटली, पाय पाण्यात सोडून बसली होती, सुजले होते. मी विचारलं, "तुला ती गोष्ट येत होती ना? कोकरू घेऊन आलीस तेव्हाच बोलणार होतीस."

"येते की. कातरणीला कातरणी. आमच्याकडे पोरंटोरंसुद्धा म्हणतात, खेळताना."

"मग बोलली का नाहीस?"

ती पाण्याकडे बघत होती. "बोलले असते तर त्यांनी पुढचं विचारलं असतं. कुंपण कसं मोडलं. मला पोटातलं झोपू देत नाही, मी पहाटे गोठ्यामागे उभी असते. तुम्ही काट्या उपटताना मी पाहिलं, थोरल्या बाई. मेंढ्यांना टिचक्या वाजवून बोलावताना पण पाहिलं."

हो, ताई. तू विचारलं होतंस. मीच उपटल्या. हात चार दिवस ठणकत होते. मी मेंढ्यांना स्वतःची नीळ खाऊ घातली, चार महिन्यांची मेहनत, आणि त्या मेंढ्या चरत होत्या तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

मी तिला म्हटलं, "मग तर तुला मला हाकलून देता आलं असतं. सगळं घर तुझं झालं असतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच एकोणीस वर्षांची आहे. "आणि मग? मी एकटी राहिले असते त्यांच्यासोबत. माझ्याजवळ बसून ते तुमच्याबद्दल कसं बोलतात ते मी ऐकते ना. हात खरखरीत, अंगाला निळीच्या पिंपाचा वास, जेवताना बोलत नाही. उद्या तिसरी येईल. तिच्याजवळ बसून माझ्याबद्दल बोलतील. तेव्हा घरात कोणीतरी असावं, जिला हे ठाऊक आहे."

तो माझ्या वासाबद्दल बोलतो. तिच्याजवळ. रडू आलं नाही, ताई. पण पाण्यात हात घालून मी कितीतरी वेळ चोळत बसले.

आज दूनखादांचा निरोप आला. तुझी नक्कल पोचली. ते म्हणतात, पूर्ण गोष्ट हातात आल्यावर अर्ध्या गोष्टीचा निवाडा टिकत नाही. आठ दिवसांनी ते स्वतः इथे येणार, वाफा बघणार आणि कुंपणाबद्दल विचारणार.

तुझ्यावर मी खूप चिडलेय. जाळावं असं वाटलं तुझं पत्र. नंतर वाटलं, हे मला वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर आपण दोघी एकमेकींचे केस ओढून मोकळ्या झालो असतो.

काय सांगू त्यांना?

मुइरेन

—

मठातून,
लुनासानंतरचा एकोणिसावा दिवस

मुइरेन,

कोल्गूला आल्या पावली परत पाठवतेय. त्याचा घोडा थकलाय, तो शिव्या देतोय.

काय सांगायचं ते मी सांगणार नाही. मी एकदा सांगितलं ते पुरे झालं. समासातली ओळ तेवढी लिहून पाठवते, गेल्या खेपेस नुसती सांगितली होती: "त्याला कोणी काढलं नाही. एक दिवस सकाळी तो आपण होऊन उठला, त्याने घोड्यावर खोगीर घातलं आणि दक्षिणेला निघून आला. इथल्या लोकांनी त्याला दूध दिलं." हे खरं की आपल्याच माणसांनी मागून जोडलेलं, मला ठाऊक नाही. अक्षर कोणाचं तेही नाही.

तू म्हणतेस ते केस ओढणं राहिलंय. ते माझ्याकडे बाकी समज.

लासार

—

डोंगरावरच्या गवळवाड्यातून,
हिवाळ्याच्या सौन सणाला सात दिवस उरले असताना

लासारताई,

दोन महिने लिहिलं नाही. कातडं नव्हतं आणि मनही नव्हतं.

दूनखाद आले. मी त्यांना वाफ्यापाशी नेलं. बुडख्यांना फुटवे आले होते, वीतभर. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "काट्या मी उपटल्या. मेंढ्या मी आत घेतल्या." फाखत्ना मागे उभा होता. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मेंढ्या तिच्या तिला परत. खोट्या गाऱ्हाण्याचा दंड म्हणून माझा माग आणि रंगाची मोठी कढई तिला. आणि एक वर्ष मला कुठल्याही सभेत तोंड उघडायचं नाही. दूनखाद निघताना हळूच म्हणाले, "मुली, मला पुढची ओळ आठवली नाही याची मला लाज वाटते. तुला काही मला मुद्दाम चकवायचं नव्हतं." मी म्हटलं, मला होतं.

फाखत्ना संध्याकाळी म्हणाला, "अख्ख्या मुलखात माझं हसं केलंस. काही दिवस माझ्या डोळ्यांसमोर नको." म्हणून मी माझ्या सहा गाई घेऊन इकडे वर आले. उन्हाळ्यात पोरी गुरं घेऊन इथे राहतात, त्या पानगळीला खाली गेल्या. मी एकटीच राहिले. गवताचं छप्पर, एक चूल. वारा आत येतो. पण मी जेवताना बोलते की नाही हे सांगायला कोणी नाही.

मत्सर गेला असं तुला लिहावं असं वाटलं होतं. गेला नाही. खाली गढीतून धूर दिसायचा आणि मी रोज बघायची, कोणत्या चुलीचा जास्त आहे.

परवा दुपारी ती चालत वर आली. सोबत फक्त एक दासी. वाटेत दोनदा बसली म्हणे. दारात उभी राहून म्हणाली, "थोरल्या बाई, सुरू झालंय."

मी म्हटलं, "अगं, खाली सुईण आहे! त्याने बोलावली असेल."

"बोलावलीय. मला तुम्ही हव्यात."

"मी? मी तुझ्या मेंढ्या..."

"आत घेता का इथेच होऊ देता?"

आत घेतली. सगळी संध्याकाळ लागली. तिने माझा दंड असा धरला होता की अजून काळानिळा आहे. शिव्या दिल्या, फाखत्नाला, मला, माझ्या निळीला, आपल्या लुगाईद राजाला, कुत्रीच्या दुधावर वाढलेला मेला म्हणून. मी म्हटलं, "दे, दे, अजून दे." शेवटी मुलगी झाली. केस काळेभोर, हनुवटी फाखत्नाची. गुंडाळायला काही नव्हतं, तेव्हा मी माझं डोक्याचं निळं फडकं सोडलं.

एतन झोपली. पोर माझ्या हातात होतं. मी वाट बघत होते, ताई, नेहमीचं ते जळणं वर येईल म्हणून. आलंच ते, पण या पोरीच्या आईवर नाही. उद्या फाखत्ना घोड्यावरून वर येईल, मुलगी म्हणून तोंड वाकडं करेल, तरी तिला उचलेल, आणि सगळे म्हणतील, फाखत्नाची लेक. मला फाखत्नाचा हेवा वाटला. इतका, की मी उठून दाराला आतून कडी लावली.

एतन जागीच होती. म्हणाली, "असू दे लावलेली."

गाई दोहायच्या आहेत. कोल्गूला इथे वरपर्यंत यायला लावलंय, तो तुझ्यासमोर माझी निंदा करेल, ऐकून घे. थोरल्या आईंनी सोडलं तर ये. दूध आहे, ओटची भाकरी आहे, झोपायला गवत आहे. आणि तुझे केस अजून लांब असतील तर बांधून ये.

मुइरेन